यंत्र आत, चालक बाहेर : चुंबकावर चालणाऱ्या नॅनोरोबोंची गोष्ट

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला तोफेच्या आवाजाचं नवल नसतं. स्कूल ऑफ आर्टिलरीचा सराव सुरू असला, की फायरिंग रेंजकडून धडाडधूम ऐकू येतं आणि घरातली माणसं हातातलं काम न थांबवता बोलत राहतात. १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेतून सुटलेला गोळा २४ किलोमीटरच्या आसपास जाऊन पडतो. त्याला ढकलणारी दारू मात्र नळीतच जळून संपलेली असते. नळीचं तोंड सोडल्यानंतरचा सगळा प्रवास तो जडत्वाच्या जोरावर करतो. एकदा वेग मिळाला, की तो सहजासहजी सुटत नाही, हा मोठ्या वस्तूंच्या जगाचा नियम.

आता या गोळ्याऐवजी एका केसाच्या जाडीत पन्नासएक शेजारीशेजारी मावतील असं यंत्र डोळ्यांसमोर आणा आणि ते पाण्यात सोडा. त्याला ढकलणारं बळ थांबलं, की ते तिथल्या तिथे थांबतं. थांबण्याआधी ते जेवढं पुढे सरकतं, ते अंतर एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी असतं. जडत्व नावाची गोष्ट तिथे जवळजवळ उरतच नाही. औषधोपचारासाठी जे चुंबकीय नॅनोरोबो तयार होत आहेत, त्यांना याच जगात चालायचं आहे. ते कसे चालतात, कोण चालवतं आणि आपल्यापर्यंत ते कोणत्या वाटेने येण्याची शक्यता आहे, हे या लेखात एकेक पायरी घेत पाहू.

औषध जागेवर नेण्याची धडपड

एकेकाळी देवळालीला माणसं हवापालटासाठी येत. इथली सॅनेटोरियमं त्याच काळातली. नेमका इलाज हाती नव्हता, म्हणून अख्खा माणूसच चांगल्या हवेत आणून ठेवायचा. पुढे प्रतिजैविकं आली आणि गोळी-इंजेक्शनाचा काळ सुरू झाला. पण गोळीलाही दुखरी जागा ठाऊक नसते. ती रक्तात मिसळते आणि सगळीकडे फिरते. जिथे हवी तिथे थोडी पोहोचते, बाकीची यकृत, मूत्रपिंडं, आतडी यांच्या वाट्याला जाते. कर्करोगाच्या औषधांनी केस गळतात, तोंड येतं, त्यामागे हेच कारण आहे.

औषध अतिसूक्ष्म कणांत भरून सोडलं तर ते गाठीपर्यंत जास्त पोहोचेल, अशी मोठी आशा होती. २०१६ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात आढळलं, की शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण अवघं ०.७ टक्के आहे. कण रक्ताबरोबर वाहत जातात, आपणहून कुठे वळत नाहीत. त्यांना वळवता आलं तर? या प्रश्नातून चालवता येण्याजोग्या कणांचा शोध सुरू झाला.

इवल्या जगात पोहणं

नदीत पोहणारा माणूस हात मारतो, पाणी मागे ढकलतो आणि हात थांबला तरी थोडा पुढे सरकतो. पाण्याचा चिकटपणा त्याला फारसा जाणवत नाही. वस्तू जसजशी लहान होते, तसतसं तिचं जडत्व झपाट्याने घटतं आणि चिकटपणाचा अंमल वाढतो. एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या वस्तूला साधं पाणीसुद्धा घट्ट काकवीसारखं वाटतं.

एडवर्ड पर्सेल या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ सालच्या एका निबंधात या जगाचा मोठा मजेशीर नियम समजावून सांगितला. तिथे एकच हालचाल पुढे-मागे करून कुणालाही पुढे जाता येत नाही. दोन झडपांचा शिंपला झडप मिटताना जेवढा पुढे जाईल, उघडताना नेमका तेवढाच मागे येईल. मग झडप झटकन मिटली आणि सावकाश उघडली, तरी फरक पडत नाही. म्हणजे माशासारखी एका बिजागरीची शेपटी हलवणारा यंत्रमासा तिथे जागच्या जागी वळवळत बसेल.

जिवाणूंनी यावर फार पूर्वीच तोड काढली आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला मळसूत्रासारख्या पिळाच्या शेपट्या असतात. तो त्या हलवत नाही, गरागरा फिरवतो. फिरणं हे पुढे-मागे करण्यासारखं नव्हे. ते एकाच दिशेने अखंड चालू राहू शकतं. मळसूत्र फिरलं, की त्याचे तिरके आटे द्रवाला मागे सारतात आणि जिवाणू पुढे जातो. शेपटीच्या मुळाशी खरोखरची फिरकी मोटार असते, हे हॉवर्ड बर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७३च्या सुमारास दाखवून दिलं. नॅनोरोबो बनवणाऱ्यांनी आकार याच जिवाणूकडून घेतला. मोटार मात्र त्यांना आत बसवता येईना.

मळसूत्र घडतं कसं

हार्वर्ड विद्यापीठाच्या रोलँड इन्स्टिट्यूटमध्ये अंबरीश घोष आणि पीअर फिशर या दोघांनी २००९ साली काचेची मळसूत्रं तयार करून चालवून दाखवली. लांबी दीड-दोन मायक्रॉन, रुंदी २०० ते ३०० नॅनोमीटर. घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि या कामाचा एक मोठा प्रवाह तिथे वाहू लागला. ही मळसूत्रं घडवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे.

आधी सिलिकॉनची गुळगुळीत चकती घेतात आणि तिच्यावर काचेच्या अतिसूक्ष्म मण्यांचा एकेरी थर पसरतात. चकती निर्वात पेटीत ठेवून वाळूचंच शुद्ध रूप असलेल्या सिलिकॉन डायऑक्साइडची वाफ तिच्यावर सोडतात. ही वाफ डोक्यावरून येत नाही. चकतीला जवळजवळ चाटून जाईल इतक्या तिरक्या कोनातून ती येते. तिरक्या वाफेत प्रत्येक मण्यामागे सावली पडते, त्यामुळे मण्यांच्या मधल्या जागेत काही साचत नाही, फक्त मण्याच्या माथ्यावर साचतं. प्रत्येक मण्यावर एक तिरका खांब उगवू लागतो. आता चकती सावकाश फिरवत ठेवली, की वाफ येण्याची बाजू खांबाच्या दृष्टीने सतत बदलते आणि खांब वळत-वळत वाढतो. त्यालाच पीळ पडून मळसूत्र होतं. ते कुणी कोरत नाही की कापत नाही. चकतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर अशी मळसूत्रं अब्जाच्या घरात एकाच वेळी उगवतात.

मग चकती द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी हलवली, की मळसूत्रं सुटी होतात. ती आडवी पसरून त्यांच्या एका अंगावर कोबाल्टसारख्या चुंबकीय धातूचा पातळ मुलामा देतात आणि जोरदार चुंबकाने त्यांना चुंबकत्व देतात. यातली मेख अशी, की हे चुंबकत्व मळसूत्राच्या लांबीच्या दिशेने ठेवत नाहीत, आडव्या दिशेने ठेवतात. पुढचं सगळं चालणं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

चुंबकच का आणि ओढायचं का नाही

शरीराच्या आत ऊर्जा पोहोचवायची तर वायर नेता येत नाही आणि एवढ्या आकारात बॅटरी बसत नाही. प्रकाश थोड्या मिलिमीटरांत विरून जातो. चुंबकीय क्षेत्र मात्र कातडी, स्नायू, हाड यांतून जसंच्या तसं आरपार जातं. चुंबकीय क्षेत्राला भिंतींची अडचण नसते, हे महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा रुळांतल्या प्रवाहाने या नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांनी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंड टाळलं होतं. वेधशाळेला जी गोष्ट नडली, तीच नॅनोरोबोच्या पथ्यावर पडते: बाहेर वेटोळ्यातला प्रवाह बदलला, की आतला चुंबक ते ओळखतो.

लोहचुंबकाने टाचणी ओढावी तसा रोबो ओढून नेता येणार नाही का? मोठ्या वस्तूला ओढता येतं. पण वस्तू दहापट लहान केली, की तिच्यातलं चुंबकीय द्रव्य हजारपट कमी होतं आणि द्रवाचा विरोध मात्र दहापटच कमी होतो. ओढण्याचा जोर शंभरपट अपुरा पडू लागतो. शिवाय चुंबकापासून दूर जावं तसा हा जोर भराभर उतरतो. पीळ देण्याचं तसं नसतं. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळते. ते क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.०४ मिलिटेस्ला म्हणजे अगदी क्षीण असतं, तरीही सुई वळते. नॅनोमळसूत्रं चालवायला पाचएक मिलिटेस्लाचं क्षेत्र पुरतं. पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते शंभरेक पट झालं, पण एमआरआयच्या नेहमीच्या दीड टेस्ला यंत्रापुढे ते तीनशेपट कमी आहे.

आता रचना पाहा. नमुन्याच्या भोवती वेटोळ्यांच्या तीन जोड्या बसवतात: एक डावी-उजवी, एक पुढे-मागे, एक वर-खाली. त्यांतला प्रवाह ठरावीक क्रमाने कमी-जास्त केला, की मधल्या जागेतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं. मळसूत्राचं आडवं चुंबकत्व त्या क्षेत्राच्या मागे फिरतं, म्हणून मळसूत्र स्वतःभोवती फिरतं आणि आट्यांमुळे पुढे सरकतं. क्षेत्र उलटं फिरवलं, की ते मागे येतं. क्षेत्र ज्या पातळीत फिरतं ती पातळी कलती केली, की मळसूत्र वळतं. वेग हवा असेल तर क्षेत्र सेकंदाला जास्त वेळा फिरवायचं. याला मर्यादा आहे. फार भरभर फिरवलं, तर चिकट द्रवात मळसूत्राला क्षेत्राचा ताल धरता येत नाही आणि ते अडखळू लागतं. २००९च्या प्रयोगात वेग सेकंदाला ४० मायक्रॉनपर्यंत गेला आणि घोष-फिशर यांनी आपल्या मळसूत्राकडून ‘आर ॲट एच’ (रोलँड ॲट हार्वर्ड) ही अक्षरं वाटेने गिरवून घेतली.

या यंत्रात इंजिन नाही, संगणक नाही, संवेदक नाही. चित्रात आपण ज्याला रोबो म्हणून दाखवतो, तो फक्त एक वळवलेला काचेचा तुकडा आहे. खरा रोबो म्हणजे बाहेरची वेटोळी, त्यांना प्रवाह देणारा संगणक, आतलं चित्र दाखवणारं साधन आणि हे सगळं हाताळणारा डॉक्टर, अशी मिळून एक जोडणी आहे. ही गोष्ट नीट समजली, की ‘रक्तात रोबो सोडले तर ते आपल्याच मनाने वागतील’ ही भीती गळून पडते. वेटोळी बंद केली, की मळसूत्राचं स्वतःचं चालणं तिथल्या तिथे थांबतं. कारण तिथे जडत्व नाही.

रक्तापेक्षा दात बरा

कल्पनेत असा रोबो नेहमी रक्तवाहिनीत दिसतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने २०१४ साली माणसाच्या रक्तात अशी मळसूत्रं चालवून दाखवली. त्यासाठी आधी रक्तात चुंबकीय धातू गंजतो ही अडचण सोडवावी लागली. त्यांनी मळसूत्रावर फेराइट या चुंबकीय संयुगाचं पूर्ण आवरण चढवलं. मात्र हे रक्त काचपट्टीवरचं होतं. शरीरात धमनीतलं रक्त सेकंदाला कित्येक सेंटिमीटर धावतं. सेकंदाला ४० मायक्रॉन जाणाऱ्याला त्या पुरात उलटं पोहणं अशक्यच. वर तांबड्या पेशी वाटेत असतात, मळसूत्राच्या लांबीच्या चारपट रुंद. छातीच्या आत कुठेतरी असलेला एवढासा कण दिसणार कसा, हा प्रश्न उरतोच.

मग अशी जागा शोधायची, जिथे द्रव संथ आहे, वाटा फार अरुंद आहेत, दुसरं कुठलंही साधन तिथे पोहोचत नाही आणि चुंबक अगदी जवळ आणता येतो. या चारही अटी आपल्या दातात पूर्ण होतात.

दाताचं बाहेरचं कठीण कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या आत पिवळसर डेंटिनचा थर असतो आणि गाभ्यात रक्तवाहिन्या व नसा असतात. डेंटिन घट्ट दिसतं, पण ते भरीव नाही. गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या हजारो बारीक नळ्यांनी ते भरलेलं असतं. प्रत्येक नळीची रुंदी एक-दोन मायक्रॉन. कीड गाभ्यापर्यंत गेली, की दंतवैद्य रूट कॅनल करतात: किडका गाभा काढतात, जंतुनाशक द्रावणाने पोकळी धुतात आणि ती बंद करतात. बहुतेकांना याने कायमचा आराम पडतो. पण काहींचा तोच दात पुढे पुन्हा ठणकू लागतो. या नळ्यांत दडून राहिलेले जिवाणू हे त्याचं एक मोठं कारण. एंटरोकॉकस फीकॅलिस नावाचा एक चिवट जिवाणू तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. ध्वनिलहरी किंवा लेझरच्या धक्क्याने द्रावण आत ढकललं, तरी ते सुमारे ८०० मायक्रॉनपर्यंतच पोहोचतं.

भारतीय विज्ञान संस्था आणि तिथेच सुरू झालेली थेरानॉटिलस ही कंपनी यांच्या संशोधकांनी २०२२ साली यावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. काढलेल्या दातांमध्ये त्यांनी लोहाचा मुलामा दिलेली सिलिकॉन डायऑक्साइडची मळसूत्रं सोडली आणि चुंबकीय क्षेत्राची वारंवारता बदलत ती नळ्यांत नेली. मळसूत्रं २,००० मायक्रॉन, म्हणजे दोन मिलिमीटर आत गेली. सेकंदाला ४० मायक्रॉनच्या वेगाने हे अंतर एका मिनिटाच्या आतलं आहे. तिथे पोहोचल्यावर क्षेत्र बदलून मळसूत्रांचा पृष्ठभाग तापवला, की जवळचे जिवाणू मरतात. औषध न्यायची गरजच नाही, मळसूत्रच औषध होतं. काम झाल्यावर क्षेत्र उलटं फिरवून त्यांना परत बाहेरही आणता येतं. उंदरांवरच्या चाचणीतही ही पद्धत सुरक्षित ठरली. चुंबकीय कण तापवून पेशी मारण्याची कल्पना आपल्याकडे ओळखीची आहे. आयआयटी मुंबईत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने कर्करोगासाठी अशा कणांवर बराच काळ काम केलं आहे. दाताच्या कामात भर आहे ती कण आधी नेमक्या जागी नेण्याची.

थंड पाण्याची कळ

याच गटाचं २०२५ सालचं काम आपल्या रोजच्या जगण्याच्या आणखी जवळचं आहे. थंड पाणी लागलं की दात शिवशिवतात, अशी तक्रार घरोघरी असते. हिरडी खाली सरकते, जोर लावून घासल्याने किंवा मिशरीसारख्या खरखरीत गोष्टीने दाताची झीज होते आणि डेंटिन उघडं पडतं. मग त्या नळ्यांची तोंडं थेट तोंडात उघडतात. थंडाव्याने नळीतला द्रव हलतो, ती हालचाल आतल्या नसेला कळते आणि कळ डोक्यात जाते. नेहमीच्या खास टूथपेस्ट ही तोंडं वरच्यावर बुजवतात. ते लेपण घासताना हळूहळू निघून जातं, म्हणून पेस्ट रोज वापरत राहावी लागते.

संशोधकांनी कॅल्शियमयुक्त जैवसिरॅमिकचे ४०० नॅनोमीटरचे चुंबकीय कण बनवले आणि त्यांना ‘कॅलबॉट’ असं नाव दिलं. काढलेल्या मानवी दातांवर ते ठेवून २० मिनिटं चुंबकीय क्षेत्र दिलं. कण नळ्यांत ३०० ते ५०० मायक्रॉन आत शिरले आणि तिथे एकमेकांना धरून सिमेंटसारखी पक्की बुचं झाली. मग दात संवेदनशील केलेल्या उंदरांपुढे साधं पाणी आणि थंड पाणी असे दोन पर्याय ठेवले. उपचाराआधी थंड पाणी टाळणारे उंदीर उपचारानंतर ते पुन्हा पिऊ लागले. इथे रोबोला परत बोलवायचं नसतं. त्याने तिथेच राहून दाताचा भाग व्हायचं असतं.

बाकीची कुळं

सगळेच चुंबकीय रोबो एवढे लहान नसतात. पोटाची तपासणी करणारी, गिळता येणारी आणि बाहेरच्या चुंबकाने वळवता येणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल आहे. तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली मान्यता दिली. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्यासाठी जेलची एक कॅप्सूल बनवली आहे. तिचं काम २०२५ साली प्रसिद्ध झालं. तिच्यात चालवण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात आणि क्ष-किरणांत दिसावी म्हणून टँटलम हा जड धातू असतो. कॅथेटरने जवळ नेऊन सोडायची, चुंबकाने फाट्याफाट्यातून वळवायची, मग जलद बदलतं क्षेत्र देऊन तापवायची, की जेल विरघळून औषध सुटतं. डुकरांच्या रक्तवाहिन्यांत आणि मेंढीच्या मेंदूभोवतीच्या द्रवात तिची चाचणी झाली आहे. ही कॅप्सूल मोठी आहे, म्हणून तिला ओढताही येतं आणि पाहताही येतं. लहान मळसूत्राच्या बाबतीत यातलं काहीच जमत नाही. आकार ठरला, की चालवण्याची रीत आणि वापरायची जागा ठरते.

दवाखान्यात येण्याआधी

काढलेला दात आणि उंदीर इथून माणसाच्या तोंडापर्यंतची वाट अजून बाकी आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत लाळ असते, रक्त असतं आणि रुग्ण मान हलवतो. वेटोळी तोंडात मावतील एवढी लहान व्हावी लागतील. किती कण आत गेले आणि किती बाहेर आले, याचा हिशेब प्रत्येक रुग्णामागे लागला पाहिजे. बुचं वर्षानुवर्षं टिकतात का, हे माणसांवरच्या नोंदवलेल्या चाचण्यांतूनच कळेल. भारतात अशा चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी सूचीत करावी लागते आणि ती सूची कुणालाही पाहता येते. म्हणून कुणी ‘नॅनोरोबोने उपचार’ अशी जाहिरात केली, तर देवळालीच्या लॅम रोडवरच्या रुग्णाने असो की पुण्या-मुंबईच्या, तीन प्रश्न विचारावेत: चाचणी कुठे नोंदवली आहे? कण आत राहतात की परत काढले जातात? ते कशाचे बनले आहेत? खरं काम करणाऱ्याकडे तिन्हींची सरळ उत्तरं असतात.

या विद्येबद्दल माझं मत सांगून थांबतो. तिची किंमत हृदयात शिरणाऱ्या यंत्राच्या चित्रावरून करू नये. निसर्गाच्या एका कठोर नियमाशी न भांडता त्यालाच कामाला लावणं आणि मग त्या नियमाला साजेशी जागा निवडणं, यात तिचं खरं मोल आहे. ज्या उपचारासाठी आज आपण तोच दात दोनदा उघडून घेतो किंवा शेवटी काढून टाकतो, तिथे मूळचा दात वाचला, तरी या मळसूत्रांनी वैद्यकात आपली जागा कमावली असं म्हणायला हवं.